भाजीच्या ठशांची नक्षी आणि पक्का रंग

श्रावण अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, सणाच्या सकाळी बैल ओढ्यावर धुऊन आणले जातात, शिंगे रंगविली जातात आणि घरातील मुले गेरू कालवलेल्या भांड्याभोवती गोळा होतात. कोणी वाटीची कड, तर कोणी अर्धा कापलेला कांदा किंवा बटाटा गेरूत बुडवून बैलाच्या पांढऱ्या अंगावर ठसे उमटवितो. चार दिवसांत पावसाच्या एखाद्या सरीने ते ठसे धुऊन जातात. त्याचे कोणास दुःख होत नाही, कारण पुढच्या वर्षी पोळा पुन्हा येणारच असतो.

हाच ठसा कापडावर उमटविला म्हणजे मात्र गोष्ट निराळी होते. उशीचा अभ्रा, टेबलावरचे फडके किंवा मुलीचा झगा हौसेने रंगवावा आणि पहिल्याच धुण्यात बादलीतील पाणी लाल व्हावे, नक्षीचे ओघळ साऱ्या कापडावर पसरावेत, असा अनुभव अनेक गृहिणींना येतो. त्यानंतर भाजीचे ठसे हा मुलांचा खेळ ठरून बाजूस पडतो. वस्तुतः यात भाजीचा दोष काहीच नसतो. ठसा कापणे हे पाच मिनिटांचे काम आहे. रंग धाग्यात धरून ठेवणे ही खरी विद्या होय. ही विद्या अहिल्यानगर जिल्ह्यास नवी नाही, आणि तिला लागणारे निम्म्याहून अधिक साहित्य आजही याच जिल्ह्याच्या शेतांत, चाळींत व डोंगरांत मिळते.

ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्या जुन्या अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध झाले. नगर, भिंगार व संगमनेर येथील मागांवर साड्या विणण्याचा धंदा त्या काळी जिल्ह्यात नांदत होता. विणकराच्या जोडीला रंगारीही असत. भावसार हे कापड रंगविणारे व छापणारे कारागीर, तर निराळी हे निळीचे काम करणारे. त्यांचे नावच निळीवरून पडले आहे. लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या किंवा मंजिष्ठा, काळ्यासाठी हिरडा व लोखंड, निळ्यासाठी नीळ असा त्यांचा सारा व्यवहार वनस्पतींवर व खनिजांवर चाले. पुढे १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी अलिझरिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. डब्यातील रंग स्वस्त होता व झटपट चढत होता. मुळ्या कुटून, कापड आठवडाभर भिजवून व वाळवून रंग चढविणाऱ्या माणसाचा त्यापुढे टिकाव लागला नाही. भावसार कुटुंबे शिवणकामाकडे व कापडाच्या दुकानदारीकडे वळली, आणि रंगाच्या कुंडाशेजारी बसून शिकण्याचे ज्ञान घराघरांतून नाहीसे झाले. घरगुती ठसेकामापुरते त्यातील थोडेसे तरी परत मिळविता येते.

भाजीची निवड

ठशासाठी भाजी निवडताना स्वयंपाकाची दृष्टी सोडावी लागते. कोवळी भेंडी भाजीस उत्तम, पण ठशास निरुपयोगी. तोडणीत नजरेतून सुटलेली, जून झालेली व दातांना न तुटणारी भेंडी येथे हवी. सध्या पिकविल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांच्या फळास पाच धारा असतात, त्यामुळे आडवी कापताच पाच पाकळ्यांचे फूल व त्यात पाच कप्पे दिसतात. गावरान भेंडीत क्वचित सात-आठ धाराही आढळतात. देठाकडचा भाग मुठीसारखा धरावयास ठेवावा. काप मऊ पडला की चकतीएवढा तुकडा कापून टाकावा म्हणजे नवा ठसा तयार होतो. फळ मध्यभागी जाड व टोकाकडे निमुळते असल्याने मधून टोकाकडे गेल्यास प्रत्येक चकतीबरोबर फूल लहान मोठे होत जाते. अभ्र्याच्या कोपऱ्यातून मध्याकडे लहान होत जाणाऱ्या फुलांची वेल याच गुणामुळे साधते. लाकडी ठशाला ते करावयाचे तर पाच-सहा निरनिराळे ठसे कोरावे लागतील.

भेंडीचा बुळबुळीतपणा हा मोठा अडथळा असतो. गुऱ्हाळात भेंडीच्या चिकाने रसातील मळी वर आणतात, तोच चीक कापडावर रंगाच्या आधी पसरून ठसा फिसकटवितो. कापलेली भेंडी तास-दोन तास सुकू द्यावी, फडक्याने टिपावी व पहिले चार-सहा ठसे रद्दी कागदावर मारावेत.

कांद्याच्या बाबतीत पुष्कळांची एक चूक होते. कांदा आडवा कापल्यावर हाती दोन भाग येतात व दोन्ही सारखेच समजले जातात. शेंड्याकडील अर्ध्या भागात पापुद्र्यांना धरून ठेवणारे काही नसते, त्यामुळे दोन-चार दाबांत कडी सुटून निघते. मुळाकडील अर्ध्या भागात सर्व पापुद्रे तळाच्या चकतीला चिकटलेले असतात. ठशासाठी हाच भाग घ्यावा, मुळ्यांचा झुबका तसाच ठेवावा व काप वर करून एक रात्र सुकू द्यावा. एकात एक वर्तुळांची जी नक्षी उठते ती गोधडीच्या वरच्या कापडास फार शोभते. कांदा उभा कापल्यास दिव्याच्या ज्योतीसारखा आकार मिळतो.

शिराळ्या दोडक्याच्या दहा धारांचे चाक, कारल्याची दातेरी कडी, ढोबळ्या मिरचीचे तीन-चार पाकळ्यांचे फूल, उभ्या चिरलेल्या कोबीचे झाड, केळीच्या पानाच्या देठाची जाळीदार चंद्रकोर यांपैकी कशालाच कोरावे लागत नाही. बटाट्यास मात्र स्वतःचा आकार नसतो. तो हवा तसा कोरता येतो, व हेच त्याचे महत्त्व. कोयरी, तुळशीवृंदावन, पान असे ठळक आकार निवडावेत. नक्षीबाहेरचा भाग अर्धा सेंटिमीटर तरी खोल काढावा आणि सुटलेला पिठूळ रस फडक्याने टिपून घ्यावा. अक्षर कोरावयाचे असल्यास ते उलटे कोरावे लागते. हौसेने कोरलेला ‘श्री’ कापडावर उलटा उमटल्यावरच ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येते.

न टिकणारे रंग

रंग घरचाच हवा म्हणून हळद, बीट, पालकाचा रस किंवा जास्वंदीची फुले यांकडे प्रथम हात जातो. बीट व जास्वंद एका धुण्याचे सोबती आहेत. हळद कापडाला धरते खरी, पण साबण लागताच तांबडी होते आणि उन्हात काही दिवसांतच विरून जाते. पळसाच्या फुलांचा रंग रंगपंचमीस योग्य. त्याने ठसे मारू नयेत. पाहताक्षणी जो रंग सर्वांत भडक दिसतो तोच बहुधा सर्वांत कच्चा निघतो.

घाई असेल त्यांच्यासाठी बाजारात कापडावर छापण्याचे तयार पिगमेंट रंग मिळतात. त्यांतील चिकट द्रव्य रंगाचे कण धाग्यावर बसविते. ठसे मारल्यावर कापड एक दिवस वाळू द्यावे आणि उलट बाजूने, कापडास सोसेल इतक्या गरम इस्त्रीने प्रत्येक भाग चार-पाच मिनिटे दाबावा, म्हणजे रंग पक्का होतो. शाळेतील मुलांसाठी हीच रीत सोयीची व निर्धोक आहे. परंतु जुन्या रंगाऱ्याची रीत ज्यांना अनुभवावयाची आहे त्यांनी हिरड्याकडे वळावे.

हिरडा, लोखंड व तुरटी

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या डोंगरांत हिरड्याची झाडे आहेत व तेथील आदिवासी कुटुंबांना हिरडा गोळा करण्यापासून उत्पन्न मिळते. औषधासाठी कोवळ्या बाळहिरड्यास मागणी असते. रंगकामास मात्र पक्व फळाची साल हवी. तिच्यात जे तुरट द्रव्य असते त्याला टॅनिन म्हणतात. सुती धागा एरवी रंगास सहजासहजी जवळ करीत नाही. टॅनिन धाग्यास चिकटते आणि लोह व तुरटी यांना आपल्याकडे ओढून धरते. हिरडा व हिराकस यांपासून घरगुती शाई करण्याची रीत जुन्या पिढीस माहीत होती. ती शाई व रंगाऱ्याचा काळा रंग ही एकाच क्रियेची दोन रूपे होत.

कापड सुतीच घ्यावे. मांजरपाट किंवा खादी उत्तम. टेरिकॉटवर ही मेहनत वाया जाते. नव्या कापडास खळ असते, ती निघाल्याशिवाय काहीही आत शिरत नाही. यास्तव कापड रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा व साबण घालून उकळावे व स्वच्छ खळबळावे. पाण्याचा थेंब टाकताच तो पसरून शोषला गेला तर खळ निघाली असे समजावे. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालील क्षारपड भागात विहिरीचे पाणी जड व खारे असते. त्यात साबणाचा फेस होत नाही व रंगही मळकट येतो. तेथे पावसाचे साठविलेले पाणी वापरलेले बरे.

दोन मीटर मांजरपाट, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम कापड धरल्यास ६० ग्रॅम हिरड्याची पूड तीन लिटर पाण्यात कालवावी. भांडे लोखंडी नसावे, नाहीतर ठसा मारण्यापूर्वीच सारे कापड काळवंडेल. कापड त्यात तासभर बुडवून, सारखे हलवून पिळावे आणि न धुता उन्हात सपाट वाळवावे. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा पिवळी होते. ठसे तिच्यावर मारावयाचे.

काळ्या रंगासाठी लोखंडाचे पाणी पंधरा दिवस आधी घालून ठेवावे लागते. गंजलेले खिळे, नालांचे व पत्र्याचे तुकडे असे एक किलो लोखंड जुन्या मडक्यात टाकून त्यावर दोन लिटर पाण्यात विरघळविलेला २०० ग्रॅम गूळ ओतावा आणि तोंडाला फडके बांधून मडके घरापासून थोडे दूर ठेवावे. वास सुखद नसतो. गूळ आंबतो, त्यातून आम्ल तयार होते व ते लोखंड विरघळविते. वर आलेला फेस बसला व पाणी काळसर झाले की ते गाळून घ्यावे. हिवाळ्यात यास अधिक दिवस लागतात. पाव लिटर पाण्यात चिंचोक्याचे बारीक पीठ दोन-तीन चहाचे चमचे घालून मंद आचेवर कढीइतके दाट होईपर्यंत ढवळावे. पातळ रंग ठशाच्या कडेबाहेर पसरतो, फार दाट झाल्यास गुठळ्या उमटतात.

ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांना हिराकस चालतो. उसावर केवडा दिसू लागला की जे फेरस सल्फेट फवारतात तेच हे द्रव्य, म्हणून बागायती शेतकऱ्याच्या घरी ते बहुधा असतेच. पाव लिटर पाण्यास पाच ग्रॅम पुरे. अधिक घातल्याने काळेपणा फारसा वाढत नाही, पण धागा मात्र कुजतो व वर्षभरात फुलांच्या जागी भोके पडतात. लोखंडाच्या पाण्यातही हा धोका आहे, परंतु कमी. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराकडे असलेले मोरचूदही कोणी हिरव्या छटेसाठी वापरू पाहतात. ते विषारी असल्याने या कामात मुळीच आणू नये.

दुसरा ठसा तुरटीचा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून काकवीसारखा दाट करावा. पाव लिटर डिंकाच्या पाण्यात २५ ग्रॅम तुरटी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून मिसळावी. या मिश्रणास रंग नसतो, त्यामुळे ठसा कोठे मारला ते दिसावे म्हणून चिमूटभर गेरू घालतात. तो पुढे धुऊन जातो. पोळ्याच्या गेरूचा येथे असा वेगळा उपयोग होतो.

ठसे मारणे

जमिनीवर गोधडी, तिच्यावर जुने धुतलेले लुगडे व त्यावर रंगवावयाचे कापड अशी बैठक घालावी. टणक फरशीवर ठसा पूर्ण उमटत नाही. रंगासाठी पसरट ताटलीत चार पदरी ओले फडके ठेवून त्यावर रंग चोपडावा व ठसा त्या गादीवर टेकवून उचलावा. भाजी सरळ रंगात बुडविल्यास पहिल्या ठशाला थारोळे होते. तळहाताने सरळ खाली दाबावे व सरळ वर उचलावे. घासू नये. अंतर सारखे राहावे म्हणून आधी रांगोळीच्या दोऱ्याप्रमाणे सुताने रेषा आखून घेतात, तथापि भाजीच्या ठशात काटेकोरपणा फार शोधू नये. एक फूल किंचित फिकट, एक किंचित वाकडे येणारच.

भेंडीची फुले लोखंडाच्या काळ्याने व कांद्याची वर्तुळे तुरटीने मारावीत. कापड दोन-तीन दिवस सावलीत टांगून ठेवावे. हवेने काळा ठसा अधिक गडद होतो. मग भरपूर वाहत्या पाण्यात, शक्य तर पाटाच्या पाण्यात, कापड पसरून धुवावे. पाणी थोडे असल्यास सुटलेली तुरटी इतरत्र बसते व पुढे तेथेही रंग चढतो.

याच टप्प्यावर कांद्याची दुसरी सेवा घडते. उन्हाळी कांदा चाळीत भरल्यावर काही महिन्यांत त्याच्या सालींचे ढीग साचतात. घोडेगावच्या किंवा नगरच्या बाजारात कांदा उलटल्यावरही तेच. कांद्याचा भाव कधी चढतो, कधी उत्पादन खर्चही निघत नाही. साल मात्र नेहमी फुकटच जाते. अशी २०० ग्रॅम कोरडी, बुरशी नसलेली साल पाच लिटर पाण्यात तासभर उकळून गाळावी. त्या कोमट पाण्यात ठसे मारलेले कापड सोडून हळूहळू तापवावे आणि उकळी फुटू न देता पाऊण तास हलवीत राहावे. गेरू निघून गेल्याने कोरी दिसणारी तुरटीची वर्तुळे हळूहळू सोनेरी होत वर येतात, भेंडीची फुले काळीच राहतात व उरलेले कापड फिकट बदामी होते. भांडे एक, पाणी एक, आणि रंग दोन. सालीच्या जागी काष्ठौषधींच्या दुकानातील मंजिष्ठा वापरल्यास तीच वर्तुळे तांबडी होतात. भावसारांच्या कामाचे मर्म यातच होते: ते कापडावर रंग छापीत नसत, रंगाला धरणारे द्रव्य छापीत असत.

कांद्याच्या सालीचा रंग धुण्यास चांगला टिकतो, उन्हास मात्र तितका नाही. पडद्यांसाठी तो निवडू नये. अभ्रे, गोधडीचे वरचे कापड, पिशव्या, रुमाल यांस योग्य. तान्ह्या मुलाच्या दुपट्यावर लोखंडाचा किंवा हिराकसाचा ठसा मारू नये, कारण मूल कापड तोंडात घालते.

विक्रीचा विचार

बचत गटाच्या बैठकीत अशी पिशवी पाहिली की विक्रीचा विचार सुचणे स्वाभाविक आहे. पण भाजीचा ठसा दुसऱ्या दिवशी सुरकुततो व पहिल्या पिशवीसारखी दहावी होत नाही. व्यापाऱ्याला पन्नास नग सारखे हवे असतात. भाजीच्या ठशाने नक्षी ठरवावी, चार-सहा नमुने काढून कोणता लोकांच्या पसंतीस उतरतो ते पाहावे व तोच सुताराकडून सागाच्या किंवा शिसवीच्या लाकडात कोरून घ्यावा. लाकडी ठशाला पैसे पडतात. न खपणारी नक्षी लाकडात कोरून घेणे हा तोटा भाजीमुळे टळतो.

विक्री करावयाची असो वा नसो, प्रत्येक नव्या मिश्रणाची परीक्षा अवश्य करावी. ठसे मारलेल्या कापडाची वीतभर चिंधी कोऱ्या पांढऱ्या चिंधीला शिवून साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास घोळावी व वाळवावी. पांढरी चिंधी पांढरीच राहिली तर धुण्याची भीती नाही. दुसरी चिंधी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवावी. पुठ्ठा उचलताच झाकलेला व उघडा भाग यांतील फरक डोळ्यांना कळतो. ही परीक्षा न करता नवे लुगडे ठशांखाली घालणे म्हणजे जुगार होय.

तयार कापड पहिली काही धुणी रिठ्याच्या पाण्यात, सोडा न घालता धुवावे आणि उलटे करून सावलीत वाळवावे. या कामाची भांडी, चमचे व गाळणी स्वयंपाकात परत नेऊ नयेत. त्यांवर खूण करून ती वेगळ्या फळीवर ठेवावीत. लोखंडाचे पाणी व हिराकस मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावे. वापरलेल्या भेंड्या, कांदे व बटाटे गव्हाणीत टाकण्याची सवय असते, पण रंगाचा अंश लागलेली भाजी गुरांना घालू नये. ती खताच्या खड्ड्यात टाकावी.